चार बोटांचा वास

मासे पाळणाऱ्या माणसाकडं मासे कमी आन् किस्से जास्त असतात. मासे मरतात, किस्से मरत न्हाईत! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा वर येतो, आन् ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. आमच्या कळमनुरीच्या मंडळाचे किस्से तर सगळे एकाच गोष्टीचे. वासाचे!

मंडळ म्हणजे बोर्ड लावलेलं मंडळ न्हाई. चार माणसं, चार काचेच्या टाक्या. मी मिलिंद, मोटार वाइंडिंगवाला. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळून आल्या की आतली तांब्याची तार मी नव्यानं गुंडाळून, वर वार्निश चढवून देतो. माझ्या दुकानाला भिंत लागून संगीताताईंचं ब्युटी पार्लर आहे. तिसरा नामदेव. त्याचा ढाबा तिकडं कनेरगाव नाक्यावर, पण सासुरवाडी कळमनुरीची, म्हणून दर आठवड्याला इथं हजर. आन् चौथे हबीबभाई, अत्तरवाले. आठवडी बाजारात त्यांची सागवानी पेटी लागते, वडिलांच्या वेळेची. वयानं आमच्यात थोरले आन् नाकानं तर विचारूच नका.

तसं माझं नाकही काही कमी न्हाई बरं का! जळकी मोटार दारातून आत आणली की नुसत्या वासावरून मी सांगतो, व्होल्टेज कमी होतं का मोटार कोरडी चालली. ह्या नाकाचा मला गर्व होता. होता म्हणतो, कारण पहिला किस्सा माझ्याच घरचा आहे.

*

टाकी घरी आणली तेव्हा सगळं घर कौतुकानं बघत होतं. काही दिवसांनी हॉलमध्ये वास यायला लागला. आमची सुनंदा एक दिवस कमरेला पदर खोचून समोर उभी राहिली.

"एक तर ही टाकी राहील, न्हाई तर मी!"

मी लगेच उत्तर द्यायला पाहिजे होतं. मी विचार करत बसलो. तिथंच चुकलं!

मग मी रविवारी टाकी उपसली. काच पुसली, फिल्टरचा स्पंज धुतला, पाणी बदललं. सोमवारी वास डबल. परत धुतली. वास आता स्वयंपाकघरात जायला लागला. मी सगळ्यांना समजावून सांगत होतो की हा फिल्टरचाच प्रॉब्लेम आहे, मोटार माझा विषय आहे, मला शिकवू नका.

तेवढ्यात डोंगरकडा गावाहून सासूबाई आल्या. पायावर पाणी घेतलं, हॉलमध्ये आल्या, दिवाणावर बसल्या आन् बसल्या बसल्याच उठल्या. म्हणाल्या, "झाडू आण गं सुनंदे."

टीव्हीच्या मागं झाडू घातला. झाडूबरोबर माझा एंजल मासा बाहेर आला. वाळून पापड झालेला. टाकीला झाकण नव्हतं, पठ्ठ्यानं उडी मारली होती!

सासूबाईंनी तो सुपलीत घेऊन माझ्यापुढं धरला. "जावईबापू, हा तुमच्यातलाच का?"

मी म्हणालो, "मोजले होते मी. मासे हलतात, मोजायला थांबत न्हाईत."

"आमची म्हैस पळाली तर आमी दुसऱ्याच्या वावरात शोधतो," त्या म्हणाल्या. "तुमी गोठाच धुवत बसले व्हय?"

*

आता पार्लर. लग्नसराईचे दिवस, पार्लरमध्ये एक नवरी खुर्चीत बसलेली, तोंडाला पॅक थापलेला. संगीताताईंच्या टाकीत गोल्डफिश, खाली गुलाबी-निळ्या खड्यांचा हातभर थर. तिथं सकाळपासून सडक्या अंड्याचा वास सुटला होता.

ताई तरातरा माझ्या दुकानात आल्या. "मिलिंदभाऊ, तुमच्या वार्निशचा वास माझ्या गिऱ्हाइकाला येऊन राहिला!"

"माझ्या वार्निशचा? तुमी त्या केस सरळ करायच्या क्रीमचं झाकण लावा आधी!"

"माझी क्रीम कंपनीची आहे!"

"मग वार्निश काय मी घरी रांधतो?"

रस्त्यात माणसं जमली. नामदेव सासऱ्याच्या गाडीवरून चालला होता, तोही थांबला आन् म्हणाला, "बे, ही तर गटार आहे." झालं! तीन तोंडं, तीन वास. तेवढ्यात हबीबभाई पेटी घेऊन बाजाराकडं निघालेले. आमचा तमाशा बघून त्यांनी स्कूटर स्टँडला लावली.

"आधी सगळ्यांनी तोंडं बंद करा," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात कुणी वास बोलून दाखवत न्हाई. एकानं 'गुलाब' म्हणलं की बाकीच्यांची नाकं मेली. मग सगळ्यांना गुलाबच येतो."

ते आत गेले. डोळे मिटले. नवरीला 'माफ करना बेटी' म्हणाले आन् टाकीजवळ जाऊन बोट खाली दाखवलं. "वरचं पाणी साफ आहे. तळाला मेलंय."

मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्या खड्यांत खुपसला. बुडबुड बुडबुड करून बुडबुडे वर आले आन् असा काही वास सुटला म्हणता! संगीताताई बाहेर, नामदेव बाहेर, मी बाहेर. हबीबभाई आत शांत उभे. खडे उकरले तर खालून डांबरासारखे काळे! माशांचं उरलेलं खाणं थराखाली जाऊन दबलेलं, हवा पोचत न्हाई, तिथंच सडत पडलेलं.

नवरीला मात्र उठता येईना. पॅक वाळलेला. तिनं नाक मुरडलं आन् नाकावरचा पॅक तडकला. ओठ न हलवता ती म्हणाली, "ताई, मेकअप लग्नाचा करून राहिल्या का दहाव्याचा?"

त्या दिवशी आमी गोल्डफिश आधी बादलीत काढले, खड्यांचा थर बोटभर ठेवला, बाकीचे धुऊन पोत्यात भरले. वास गेला तो गेलाच. नवरीचं लग्न थाटात लागलं आन् आमचं मंडळही तिथंच जमलं.

*

नियम हबीबभाईंनी घालून दिला. कुणाची टाकी बिघडली की चौघांनी जायचं. हुंगायचं. बोलायचं न्हाई. मूठ छातीशी धरायची आन् हबीबभाई "खोल!" म्हणाले की सगळ्यांनी एकदम उघडायची.

एक बोट म्हणजे ओल्या मातीचा वास, कयाधू नदीच्या काठाला येतो तसा. तेव्हा मासे खुश. दोन बोटं म्हणजे खाणं जास्त पडून कुजलं. तीन म्हणजे आत कुणीतरी मेलं, शोधा. आन् चार बोटं म्हणजे अंडं! तळ सडला. मासे काढा आन् कामाला लागा.

सुनंदा म्हणते, "चार शहाणी माणसं मुठी धरून टाकीसमोर उभी राहतात, लोक काय म्हणत असतील?" लोक म्हणायचे तेच म्हणतात. पण आमचा निकाल एकदाही चुकला न्हाई.

*

एकदा मात्र बोटं कमी पडली.

नामदेवचं घर ढाब्याच्या मागंच. घराची आन् ढाब्याच्या भट्टीची भिंत एक. त्याचा फोन आला, "मासे जिते आहेत, पाणी बदललं, खडे धुतले, तरी वास येऊन राहिला. या."

आमी माझ्या छोट्या टेम्पोतून कनेरगाव नाक्याला गेलो. टाकीवर तेलाचा बारीक तवंग. हुंगलं. मुठी धरल्या. हबीबभाई "खोल!" म्हणाले आन् कुणाचीच मूठ उघडेना. ह्या वासाला आमच्याकडं बोटच नव्हतं!

हबीबभाईंनी दुसऱ्यांदा डोळे मिटले. "लसूण," ते म्हणाले. "मोहरी. आन् जिरं, थोडं करपलेलं."

खिडकीतून एक ट्रक ड्रायव्हर हात धुता धुता बघत होता. तो म्हणाला, "शेठ, मासे जिते असतानाच फोडणी देऊन राहिले का?"

आमी सगळे हसलो, पण माझ्या डोक्यात लाइट लागला. टाकीत हवा सोडणारा पंप कुठं आहे? बघितलं तर भट्टीच्या खिडकीत! पंप हवा कुठून ओढणार? जिथं ठेवला तिथून! ढाब्यावर फोडणी पडली की तिचा धूर पंप ओढायचा आन् थेट पाण्यात सोडायचा.

ही केस मी सोडवली, हे इथं सांगून ठेवतो. मोटार माझा विषय आहे!

नामदेव कपाळाला हात लावून खाली बसला. "बे, म्हंजे इतके दिवस मी लेकरांना तडका पाजून राहिलो व्हय?"

पंप दुसऱ्या बाजूला, लिंबाच्या झाडाकडच्या खिडकीत नेला. पुढच्या खेपेला चौघांचं एकेक बोट वर! नामदेवनं खुशीत आमाला शेवभाजी खाऊ घातली. त्या दिवशी हबीबभाई ढाब्याच्या खाटेवर बसून आचाऱ्याला विचारत होते, आज हळद नवीन पोत्यातली काढली का म्हणून. आचारी त्यांच्या पाया पडायचा बाकी होता.

*

आन् त्याच माणसाचं नाक गेलं.

गेल्या हिवाळ्यात हबीबभाईंना ताप आला. जोराचा आला, अंथरुणाला खिळले, पण उठले. भाभींनी सूप पाजून पाजून परत गुबगुबीत केलं. आमी त्यांना भेटायला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी दार उघडलं आन् आमाला टाकीचा वास दारातच लागला. पाणी दुधासारखं पांढरं, एक मासा उलटा तरंगत होता. त्या टाकीला टेकून हबीबभाई निवांत चहा पीत बसले होते.

आमाला वाटलं, मंडळासाठी थांबलेत. मुठी धरल्या. "खोल!" ते म्हणाले.

माझी तीन बोटं. संगीताताईंची तीन. नामदेवची तीन.

हबीबभाईंचं एक.

नामदेव हसायला लागला. "चाचा, मस्करी करून राहिले का?"

हबीबभाईंनी आमच्या बोटांकडं पाहिलं. मग हळूच आपलं बोट मिटलं. "गुलाब आन् घासलेट, दोनी आता सारखंच," ते म्हणाले. "बाजारात कुणाला सांगू नका."

मला आधी माझाच धंदा आठवला. खोटं काहून बोलू? वाइंडरचा हात गेला तर तो काय करेल? आन् अत्तरवाल्याचं नाक गेलं तर? पेटीतली कोणती बाटली कुठल्या खणात, हे त्यांना वडिलांपासून पाठ होतं, म्हणून धंदा ढकलत होते. एखादी बाटली इकडची तिकडं झाली की संपलं.

नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, येईल तर येईल, न्हाई तर न्हाई; रोज तेज वासाच्या चिजा हुंगत राहा. हबीबभाई सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू आन् गुलाब घेऊन बसायचे. आमी विचारलं की म्हणायचे, "लवंग लाकूड झाली. लिंबू पाणी झालं."

आन् एक दिवस त्यांनी फैसला सांगितला. "ईद येईपर्यंत वाट बघतो. ईदला खरं गिऱ्हाईक असतं. तोवर नाक आलं न्हाई तर पेटी सलीमच्या हवाली." सलीम त्यांचा मेहुणा, हिंगोलीला त्याचं अत्तराचंच दुकान. "ज्याला वास न्हाई त्यानं लोकांच्या मनगटाला अत्तर लावू नये. बेइमानी झाली ती."

संगीताताई भडकल्या. "बेइमानी कसली? कितीतरी टकले माझ्याकडं केसाचं तेल विकायला येतात!"

हबीबभाई हसले. पण फैसला बदलला न्हाई.

*

त्यांच्या टाकीचं काय करायचं? मालकाला वास येत न्हाई, म्हणून माशांनी मरायचं का? आमी पाळ्या लावून घेतल्या. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी जायचं, हुंगायचं आन् भाभींना बोट दाखवायचं. भाभींना स्वतःला वास कळत होता, पण त्या म्हणायच्या, "मेरेकू तो सब मछली का मछलीच लगता!"

एकदा संगीताताईंची पाळी. त्यांना झालेली जबरी सर्दी, पण पाळी चुकवायची न्हाई म्हणून नाकाला रुमाल लावून गेल्या. टाकीवर वाकल्या, मोठा श्वास घेतला आन् एक बोट वर केलं.

"एकदम फर्स्ट क्लास!"

हबीबभाई खुश. "मलाही तसंच वाटून राहिलं!"

दोघं टाकीजवळ बसून चहा प्यायले. बिस्किटं खाल्ली. पाणी किती छान ठेवलंय म्हणून ताईंनी तारीफ केली, हबीबभाईंनी लाजून मान खाली घातली. भाभी दारात उभ्या, नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते.

शेवटी त्यांनी मला फोन लावला. "मिलिंदभाई, जल्दी आओ! एक अंधा, दुसरी की बत्ती गुल!"

*

बाजाराच्या दिवशीही आमच्यातला एक जण त्यांच्या बाजूला बसायचा. गिऱ्हाइकानं नाव घेऊन मागितलं तर सोपं. खणातून बाटली काढायची, आमी हळूच हुंगून मान हलवायची.

माझी पाळी होती त्या दिवशी एक म्हातारी बाई आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक जुनाट कापसाचा बोळा काढला. "चाचा, ह्याच्यातलं अत्तर पाहिजे. माझ्या बाबांच्या कोटात निघालं."

नाव माहीत न्हाई. नुसता वास! हबीबभाईंनी बोळा नाकाशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं न्हाई. मी हात पुढं केला, हुंगला आन् ठामपणे म्हणालो, "मोगरा!"

बोलायचं न्हाई हा नियम मी तिथंच मोडला.

हबीबभाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा न्हाई. त्यांनी बाईंना विचारलं, "मावशी, डोळे मिटा. वास घ्या. काय आठवतं ते सांगा."

बाईंनी डोळे मिटले. "भर उन्हाळा," त्या म्हणाल्या. "दुपारची झोपलेय. बाबा खिडकीच्या ताटीवर पाणी मारून राहिले. गार वारं येतंय."

हबीबभाईंचा हात सरळ पेटीच्या कोपऱ्यातल्या खणात गेला. वाळा! उन्हाळ्यातल्या ताट्या त्याच्याच विणतात. हिरवी बाटली काढली आन् बाईंच्या मनगटाला काडी टेकवली. बाईंनी मनगट नाकाशी नेलं आन् त्या तिथंच, बाजाराच्या धुळीत, खाली बसल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी. "हेच हाय माझं."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पुढचा अर्धा तास हबीबभाई असे ताठ बसले होते की कुणीही म्हणावं, ह्यांना सगळा बाजार हुंगता येतो. आन् त्या बाई जाता जाता माझ्याकडं वळल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमाला सर्दी झाली का?"

परत येताना टेम्पोत मी म्हणालो, "हबीबभाई, जिंकलो आपण!"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज तिच्या आठवणीनं वाचवलं मियाँ. माझ्या नाकानं न्हाई. ती गप्प राहिली असती तर?"

*

मोगरा माझ्या नाकात काहून बसला होता, त्यालाही कारण आहे. आमच्या टाकीतलं काढलेलं पाणी सुनंदा फेकू देत न्हाई. सगळं तिच्या कुंड्यांना. त्या पाण्यावर मोगरा असा फुलला की सगळी गल्ली घमघमते. ज्या बाईनं 'टाकी न्हाई तर मी' म्हणलं होतं, तीच आता मला झोपेतून उठवते. "उठा, पाणी बदलायचा दिवस आहे!"

परवा सासूबाई आल्या. दारातच नाक वर करून थांबल्या. माझा जीव वरखाली. झाकण लावलेलं आहे ना? सगळे मासे आत आहेत ना?

"वास कशाचा गं येऊन राहिला, सुनंदे?"

सुनंदानं अंबाड्यातला गजरा काढून त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "टाकीचा!"

*

ईद जवळ आली. हबीबभाईंनी सलीमला फोन करून बोलावलं. पेटी न्यायला.

त्या दुपारी आमी तिघं त्यांच्या घरी गेलो. निमित्त टाकी धुवायचं. ईदला पाहुणे येणार, टाकी चकाचक पाहिजे, असं भाभींनी सांगितलं होतं. पण खरं म्हणजे पेटी जाताना हबीबभाई एकटे नसावेत, एवढंच आमच्या मनात होतं.

मासे बादलीत काढून ठेवले. मी नळीनं पाणी उपसत होतो. संगीताताई फडक्यानं काच पुसत होत्या. हबीबभाई खोलीच्या त्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून, जमिनीवर बसलेले. एकेक बाटली काढायची, कापसात गुंडाळायची आन् नाव घ्यायचं. "केवडा." गुंडाळली. "हिना." गुंडाळली. सलीम दाराजवळच्या खुर्चीवर खाली मान घालून बसला होता. चांगला माणूस. त्यालाही बरं वाटत नव्हतं.

हबीबभाईंच्या टाकीत मध्यभागी एक दगडी किल्ला होता, जडशीळ, हौसेनं आणलेला. आजवर तो कुणी हलवला नव्हता. नामदेवनं बाह्या वर केल्या, दोन्ही हातांनी किल्ला धरला आन् उपटला.

बुडबुड बुडबुड बुडबुड!

संगीताताईंच्या पार्लरचं अंडं ह्याच्यापुढं लेकरू होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सलीमनं खिशातून रुमाल काढला आन् तो शब्द न बोलता अंगणात पळाला. भाभींनी धडाधड दोन्ही खिडक्या उघडल्या. नामदेव किल्ला हातात घेऊन तोंड फिरवून उभा. आन् आमी तिघंही गप्प. सवयच लागलेली, वास आला की बोलायचं न्हाई.

"वाळा," हबीबभाई म्हणत होते. बाटली हातात होती. कापूस तिच्याभोवती अर्धा गुंडाळला होता.

हात थांबला.

त्यांनी बाटली खाली ठेवली. पाठ आमच्याकडंच. मग त्यांचा उजवा हात हळूहळू खांद्याच्या वर आला. मूठ बंद.

"खोल" कुणीच म्हणालं न्हाई.

मूठ उघडली. चार बोटं.

संगीताताईंच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. नामदेव "चाचा!" म्हणून ओरडला आन् किल्ला टाकून देणार होता, मी कसाबसा झेलला. मी रडत होतो का हसत होतो, आता आठवत न्हाई. बहुतेक दोन्ही. भाभी सगळ्यांत आधी भानावर आल्या. त्या पळत गेल्या आन् त्यांनी नुकत्याच उघडलेल्या दोन्ही खिडक्या गच्च लावून घेतल्या.

"दरवाजा भी लगाव!" त्या नामदेववर खेकसल्या. "बाहर नक्को जाने देव!"

हबीबभाई उठले, टाकीवर वाकले आन् त्या काळ्या पाण्यावर नाक टेकवून त्यांनी छातीभर श्वास घेतला. दाढीवरून पाणी ओघळत होतं, टाकीचं का डोळ्यांचं, कुणी विचारलं न्हाई.

बाहेरून सलीमनं रुमालातूनच आवाज दिला, "भाईजान, पेटी आणता का?"

हबीबभाईंनी मान वर केली न्हाई.

"मिलिंद," ते म्हणाले, "अजून एकदा तळ हलव."